शैलीचा तज्ज्ञ

लिखाणाच्या शैलीवरून लेखक हुडकून काढण्यात प्राध्यापक प्योंचा हात दक्षिण कोरियातल्या अख्ख्या देजॉन शहरात कुणी धरू शकत नव्हतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा त्यांचा स्वतःचा ब्लॉग मात्र पहिल्यापासून त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी दाओन लिहायची. सर फक्त खाली आपलं नाव टाकायचे, आणि विभागाच्या जेवणात त्या ब्लॉगचं कौतुक झालं की तिच्याकडूनच ग्लासात सोजू दारू ओतून घ्यायचे.

मग एक निनावी ब्लॉग निघाला. 'इथले प्राध्यापक विद्यार्थ्यांना घरगड्यासारखं राबवतात आणि कुलगुरू खुशाल झोपा काढतात,' असं त्यात बेधडक लिहिलेलं असायचं. कुलगुरू खवळले. इतिहासाच्या प्राध्यापिका नाम बाईंवर प्योंचा जुना दात होताच, प्योंनी संधी साधली.

"सगळ्या प्राध्यापकांचे ब्लॉग माझ्या चाचणीला लावा. त्या बाईचा बुरखा टराटरा फाडतो की नाही बघा!"

भरसभेत निकाल पडद्यावर आला. निनावी ब्लॉगची शैली एकाच प्राध्यापकाच्या ब्लॉगशी तंतोतंत जुळत होती, आणि तो ब्लॉग प्योंचा होता.

"काय हो प्यो," कुलगुरूंनी थंडपणे विचारलं, "तुमची ही चाचणी कधी चुकते का?"

प्योंना दरदरून घाम फुटला. त्यांनी गर्रकन मागे वळून दाओनकडे पाहिलं.

 

तिने दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि अदबीने म्हणाली, "सांगून टाका ना सर, तुमचा ब्लॉग कोण लिहितं ते."