नकल्या

डोंगरावरच्या कॅम्पवर आल्या आल्या आईच्या गळ्यात शिट्टी पडली. वाट चुकली, पाय घसरला तर वाजवायची. पहिल्याच सकाळी ती वाजली आणि लेक अनवाणी धावत सुटला. बघतो तर आई ओढ्यात पाय सोडून मजेत बसलेली!

"अहो, तो आमचा नकल्या!" कॅम्पच्या मालकीणबाई पोट धरून हसल्या. "एकच पक्षी आहे, पण पाहुण्यांच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करतो मेला."

आज आई पुन्हा ओढ्याकडे निघाली. "तू पड निवांत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" तो झाडाखालच्या झोळीत आडवा झाला. थोड्या वेळाने खालून शिट्टी आली. मग पुन्हा. मग नुसती येतच राहिली.

"आज भलताच रंगात आलाय तुमचा नकल्या," तो डोळे मिटूनच म्हणाला.

"कोण, हा?" मालकीणबाईंनी चहा खाली ठेवला. "हा तर केव्हाचा तुमच्या उशाशी बिस्किटाचा चुरा टिपतोय."

त्याने खाडकन डोळे उघडले. चुरा संपवून पक्ष्याने मान वर केली आणि अगदी तश्शीच शिट्टी घातली.

खालून आता काहीच येत नव्हतं.