चुकीच्या उत्तराची तालीम

चौथ्या तालमीतही देवयानी बरोबर उत्तर देऊन बसली.

वैदेहीने कपाळाला हात लावला. तिसरीच्या वर्गापुढे पाण्याचा टब होता, तिच्या हातात सालासकट संत्रं होतं आणि "डूबेगा या तैरेगा?" या प्रश्नावर देवयानीने "डूबेगा" म्हणायचं ठरलं होतं. मग वैदेहीने संत्रं पाण्यात सोडायचं, ते तरंगायचं, वर्गाने एका सुरात "अरे!" म्हणायचं आणि देवयानीने आपली चूक आपणच शोधून काढायची. पण ही पोरगी ऐन वेळी "तैरेगा" म्हणून मोकळी व्हायची आणि पुढच्या सगळ्या नाटकाचा विचका व्हायचा.

ही अक्कल प्रिन्सिपल मॅडमची. लखनौहून शाळा बघायला समिती येणार होती. तिच्यासाठी व्हरांड्याच्या भिंतीवर प्रत्येक विषय शिकवायची पद्धत रंगवून घेतली होती. गणित खेळातून, भाषा गप्पांमधून, विज्ञान अनुभवातून. एरवी या शाळेत सगळेच विषय फळ्यावरून वहीत उतरायचे आणि वहीतून परीक्षेच्या पेपरात. अनुभवाच्या टबाला तर मुलांनी हातसुद्धा लावायचा नव्हता, कारण गणवेश भिजतात. पाणी आठ दिवसांत कुणी बदललं नव्हतं. त्यावर बुळबुळीत साय धरली होती, संत्र्याला आंबूस वास सुटला होता, आणि दर तालमीनंतर वैदेही कोपरापर्यंत हात घासून धुवायची.

"एक बच्ची गलत बोलेगी, तभी क्लास असली लगेगी," मॅडमनी सांगितलं होतं. "सबसे तेज वाली को दीजिए. बाकी तो गलत बोलना भी भूल जाएँगे."

सगळ्यांत हुशार म्हणजे देवयानी. रामघाटावर वैदेहीच्याच गल्लीत, गंगेकाठच्या मराठी वस्तीत राहायची. शाळेत तिला मिस म्हणायची, घरी मावशी. तिचे वडील नीलकंठ गुरुजी घाटावर पूजा सांगायचे. मागच्या कार्तिकात या बयेने त्यांची तांब्याची पळी पायरीवरून गंगेत सोडली आणि तिच्यामागे ताम्हनही. पळी बुडाली, ताम्हन तरंगत निघालं. एका नाववाल्याने ते पकडून आणलं. गुरुजींनी पाठीत धपाटा घातला तरी कार्टी रडत रडत विचारत होती, की दोन्ही तांब्याचीच, मग असं कसं झालं. वर्गात असं एक पोर असलं की शिकवण्याचं चीज झालं, असं वैदेहीला तेव्हा वाटलं होतं.

त्याच पोरीला ती आता चुकायला शिकवत होती. तिला स्वतःची शिसारी यायची. पण दोन वर्षं ती टेंपररी होती, आणि पक्क्या नोकरीचं पत्र समिती येऊन गेल्यावरच निघेल, असं मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. एकदा पक्की झाले की माझा वर्ग माझ्या पद्धतीने, असं ती मनाला बजावायची. मग पोरांना सरळ घाटावर नेईन आणि काय बुडवायचं ते बुडवू देईन.

पाचव्या तालमीनंतर देवयानीने विचारलं, येतंय तरी चुकायचं कशाला? पाहुण्यांना तसंच आवडतं, असं वैदेहीने सांगून टाकलं. पोरीने थोडा विचार केला आणि शहाण्यासारखी मान डोलावली.

आठव्या खेपेला ती चुकली. गालावर बोट ठेवून, विचारात पडल्यासारखं करून "डूबेगा, भारी है ना" म्हणाली. इतकं सफाईदार, की मॅडमनी जागच्या जागी टाळ्या वाजवल्या. वैदेहीनेही वाजवल्या, वर एक चॉकलेट दिलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

समिती आली. तिघांपैकी दोघे मागच्या बाकावर बसून समोसे चापत होते. एकाच्या शर्टावर चटणी ओघळली तरी त्याला पत्ता नव्हता. तिसऱ्या, पांढऱ्या केसांच्या बाई, टबाजवळ येऊन उभ्या राहिल्या. धडा ठरल्याप्रमाणे पार पडला. देवयानी चुकली, संत्रं तरंगलं, वर्ग "अरे!" म्हणाला आणि सालात हवा असते हे देवयानीने आपलं आपण शोधून काढलं. दारातून मॅडमनी वैदेहीकडे बघून खुशीत मान डोलावली. पत्र निघालं म्हणायचं.

बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पर्समधून आपला कंगवा काढला, टबावर धरला आणि देवयानीला म्हणाल्या, "बेटा, और ये?"

हे तालमीत नव्हतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच वैदेहीला बरं वाटलं. कंगव्याचं उत्तर कुणी पढवलेलं नव्हतं. आता पोरगी स्वतःच्या डोक्याने बोलणार होती. चुकली असती तरी ती तिची स्वतःची चूक असती. वैदेही टबापासून एक पाऊल मागे सरकली.

देवयानीने कंगव्याकडे बघितलं नाही. पाण्याकडेही नाही. ती वैदेहीकडे वळली आणि मिस म्हणायचं विसरून, मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"मावशी, यात सही सांगू की गलत?"