पुसायचं नाही

आई ओलं फडकं हातात घेऊन भिंतीसमोर उभी होती आणि बाबा खुर्ची टाकून तिच्यावर पहारा देत बसले होते.

भिंतीवर जमिनीपासून खिडकीच्या चौकटीपर्यंत मातीची एक रेघ चढत गेली होती, करंगळीएवढी जाड. आतून वाळवीची ये-जा चालू. रेघेच्या मधोमध पेस्ट कंट्रोलवाल्याने प्लास्टिकची एक डबी बसवली होती. तिच्यातलं औषध वाळवीने खायचं, वारुळात न्यायचं आणि तिथे आपल्या गणगोतात वाटायचं. तोवर घरातल्यांनी हात लावायचा नाही. झाडू नाही, रॉकेल नाही, फडकं तर नाहीच नाही.

हे शेवटचं खास आईसाठी होतं. या घरात धूळसुद्धा परवानगी काढून येते, असं शेजारी म्हणत. पहिल्यांदा रेघ दिसली तेव्हा आईने ती खसाखसा पुसून काढली होती, वरून फिनेलचा हातही फिरवला होता. भिंत लख्ख झाली आणि वाळवी मुकाट्याने मुलीच्या खोलीतल्या लाकडी कपाटामागून निघाली. त्या कपाटाची पाठ दाबली तर बोट आरपार गेलं.

"काकू, आता पुसलंत तर ती कुठून निघेल ते मी सांगू शकणार नाही," पेस्ट कंट्रोलवाला जाताना म्हणाला होता. "छतापर्यंत पोचली तर मग मला नका बोलावू, सुतारालाच बोलवा."

म्हणून बाबांचा पहारा.

"नुसती खालची फरशी पुसते," आई म्हणाली.

"सकाळपासून तेच चाललंय. साल निघेल फरशीची."

"डोळ्यांदेखत घर खातेय आणि आपण बसून बघायचं!"

"खाऊ दे. खाल्ल्याशिवाय मरणार कशी?"

हवा इतकी दमट होती की पुसलेली फरशी वाळतच नव्हती. आई पिळलेलं फडकं पुन्हा पुन्हा पिळत राहिली. तिचं लक्ष आता भिंतीकडे नव्हतंच. ते आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे होतं.

मुलगी परवा अचानक सासरहून आली होती. "सहज आले चार दिवस," एवढंच म्हणाली. बॅग टॅक्सीतून बाबांनीच उतरवून घेतली. चार दिवसांच्या मानाने ती फार जड होती, पण ते तसं बोलले नाहीत. बॅग अजून उघडलेली नव्हती. बॅगेच्या वरच्या खणात कोंबलेले दोन कपडे ती आलटूनपालटून घालत होती. जावयाचा फोन आला नव्हता, तिनेही केला नव्हता. ताटावर बसली की दोन घास चिवडून उठायची. काय झालंय ते कळल्याशिवाय आईला घास गोड लागत नव्हता, आणि प्रश्न ओठांवर आला की बाबा डोळे वटारत.

"मी विचारते तिला," आई हळूच म्हणाली.

"अजिबात नाही. बोलायचं तेव्हा बोलेल आपणहून. खोदून विचारलंस तर उद्या बॅग उचलून चालती होईल." बाबांनी भिंतीकडे बोट केलं. "तुझा हात लागल्यावर काय झालं ते बघितलंस ना? इथेही तेच. गप्प राहायचं."

आईने फडकं बादलीत आपटलं. पाणी बाबांच्या पायांवर उडालं.

"भिंतीशी गप्प राहायचं, कारण तिथे तो माणूस औषध ठेवून गेलाय. पोरीसाठी तुम्ही काय ठेवलंय?"

बाबांनी ओले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

आई तरातरा आपल्या खोलीत गेली. लोखंडी कपाट उघडून तिने पाहुण्यांसाठी जपलेल्या चादरी पलंगावर टाकल्या. मधला कप्पा रिकामा केला, सवयीने पुसूनही घेतला. मग मुलीच्या खोलीचं दार ढकललं. मुलगी बॅगेला टेकून बसली होती.

"चल, कपडे माझ्या कपाटात लावू. तुझ्या कपाटाची तर माती झाली, आणि या हवेत बॅगेत कुबट वास लागेल."

"राहू दे ना आई. चार दिवसांसाठी कशाला?"

"किती दिवस ते मी विचारलं का?"

परवापासून मुलीने बरीच उत्तरं तयार करून ठेवली होती, त्यांतलं एकही इथे चालणारं नव्हतं. तेवढ्यात बाबा पहारा सोडून आले, बॅग उचलून लोखंडी कपाटापाशी ठेवली आणि तसेच बाहेर गेले.

मुलीने चेन ओढली. ती एकेक कपडा देत गेली, आई घडी मोडून नव्याने घालून लावत गेली. रोजचे कपडे आले, ऑफिसचे आले. मग टॉवेल. मग उशीचा अभ्रा. मग लग्नाआधीपासूनचं तिचं गजराचं घड्याळ. आईचे हात थांबले नाहीत. चार दिवसांसाठी उशीचा अभ्रा कोण आणतं?

अगदी तळातून जाड लोकरीचा स्वेटर निघाला. खोलीत दोघींच्याही कपाळावरून घाम निथळत होता. मुलगी स्वेटर छातीशी धरून उभी राहिली. देईना, परत ठेवीना.

आईने तो तिच्या हातांतून सोडवून घेतला, नीट घडी घातली आणि कप्प्यात सगळ्यात आत सरकवला.

"हा मागे ठेवते," ती म्हणाली. "थंडीला अजून पुष्कळ अवकाश आहे."