अजून फिरवा

दिवस बुडायला आला होता. वाऱ्यानं सरकलेली टीव्हीची छत्री नीट करायला पंजाबराव शिडी लावून स्लॅबवर चढले होते आणि त्यांची बायको नलू आत टीव्हीसमोर उभी होती.

"आलं काय वं चित्र?" वरून हाक आली.

चित्र लख्ख आलं होतं. सांगायला ती दाराशी गेली आणि फटीतून पाहताच जागीच थांबली. शिडीच्या पायथ्याशी वाघ बसला होता.

वाघाचं नाव घेतलं असतं, तर तिच्या काळजीनं हा माणूस तसाच खाली उतरला असता. नलूनं हळूच कडी लावली.

"नाही आलं जी!" ती ओरडली. "उतरू नका, अजून फिरवा!"

"टीव्हीपासून हलू नको. आता आलं?"

"नाही जी!"

प्रत्येक हाकेला वाघ कान टवकारायचा. पाऊण तास हेच चाललं. टीव्हीवरचं चित्र मात्र एकदाही हललं नाही. शेवटी वाघ उठला, त्यानं अंग ताणलं आणि तो घरालगतच्या तुरीच्या शेतात दिसेनासा झाला.

पंजाबराव घरात आले, तेव्हा नलू रडतच बोलली, "पहिल्या हाकेलेच चित्र आलतं जी. मी खोटं सांगून राह्यली होती. खाली वाघ होता."

"मलेबी दिसत होता." पंजाबराव म्हणाले. "छत्रीले हात कोणं लावला? मी गप बसलो असतो, त तू पाहाले बाहेर आली असती."