गाळलेलं पान

मौलम्याइन शहरातल्या घरात, ओसरीवरच्या बाकावर बसून न्वे यिन रोज दुपारी अंध आईला एक जुनी कादंबरी वाचून दाखवायची. नवऱ्याने टाकलेली नायिका नदीत उतरते, ते पान मात्र ती दरवेळी गुपचूप उलटायची. तिलाही नवऱ्याने टाकलं होतं; ते शब्द तिच्या तोंडून निघतच नसत.

त्या दुपारीही तिने पान उलटलं.

"आज वाचलंस एकदाचं ते पान," आई म्हणाली.

"नाही गं आई. आजही गाळलं."

"मग तुझ्याशेजारी बसून कोण वाचत होतं?"

न्वे यिनने हळूच बाजूला पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं, पण फळी ओली झाली होती.

"चल, आत जाऊ," ती कशीबशी म्हणाली.

आईने तिचं मनगट घट्ट धरलं. "थांब, पोरी. ती अजून वाचतेय. आता तुझं नाव आलं."