आठवणीची प्रत

हेड नर्सच्या मुलाखतीत भिंतीवर रेवती तांडेलची आठवण सुरू झाली. हल्ली अर्जाला बायोडेटाऐवजी आठवणच जोडावी लागे. सोबतच्या पत्रात तिने लिहिलं होतं, 'वॉर्डला आग लागली तेव्हा बाळं मी बाहेर काढली.'

पण बाळं छातीशी धरून धुरातून धावत होती ती तिची सहकारी, सिस्टर फिलोमिना. रेवतीच्या डोळ्यांतून दिसणारं ते दृश्य दारापाशीच थिजलं होतं, पाऊलभरही पुढे सरकत नव्हतं.

इतकी वर्षं सांगून सांगून तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. तिला मान वर करवेना.

"या सिस्टर सध्या कुठे असतात?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"वसईला," रेवती कशीबशी म्हणाली. "मीच कळवते त्यांना, जागा रिकामी आहे म्हणून."