लखीरामची काळी संगीन

अबे, तू मधात बोलू नको, फक्त ऐक. दारव्ह्याले वाहिदचं दुकान हाय ना, विळ्या-सुऱ्यांले धार लावून देते तो? तिथं बोरी अरबकडच्या तांड्यावरचा लखीराम आला. जुना फौजी. मागं त्याची बुढी, रुपीबाई. बुढ्यानं कमरेची संगीन काढून वाहिदपुढं ठेवली. लढाईवरून आनलेली. तवापासून वावरात जावो का लग्नात, ती कमरेले हायेच.

"पाय बरं," बुढा म्हने, "नातवानं हिचा फोटो नागपूरच्या एका जानकाराले धाडला. तो फोनवर म्हनते, असा काळा रंग फौजेत नसतेच. मंग हा कायचा हाय?"

वाहिदनं संगीन उजेडात धरली. रंग नव्हताच तो. पिकल्या जांभळावानी काळा, गुळगुळीत. नखानंही निघेना.

"काय बे," बुढा म्हने, "संगीन पाहून राह्यला का सोयरीक?"

वाहिदनं पातं जरासं तापवलं आन वास घेतला. मोहाचं तेल. त्याचा हातच थांबला ना. लोखंड तापवून मोहाच्या तेलात बुडवाचं, हे काम फक्त त्याचे अब्बा करत, जमीर मिस्त्री. तेही विळ्यांवर.

त्यानं मान वर केली. बुढ्याच्या मागं रुपीबाईनं हात जोडले होते.

"काका," वाहिद म्हने, "बाजूले चहा सांगून या ना."

बुढा गेला तशी ती हळूच बोलली, "असली म्या अडाण नदीत फेकली, बाप्पा. हा झोपीतच उठून संगीन उपसे. एकडाव आमच्या पोरीच्या, रंजिताच्या पाळन्यापुढं उभा होता. मंग तुह्या अब्बाले सांगून ही बनवली, बिनधारेची. ह्याले समजलं तं म्हनंन, बायकोनं माहा मान पान्यात टाकला."

बुढा चहा घेऊन आला.

"फौजीच हाय, काका," वाहिद म्हने. "जंगलातल्या पलटनीची. चमकू नये म्हनून असं करत. नागपूरवाल्याले काय मालूम."

रुपीबाईनं बशीतला चहा एका दमात संपवला.

"ऐकलं ना?" बुढा तिले म्हने. "जाय, जीपमधी जागा धर."

ती गेली. बुढ्यानं संगीन कमरेले खोसली.

"तुहे अब्बाही असंच खोटं बोलत. मान खाली घालून."

वाहिद म्हने, "तुमाले मालूम होतं?"

"फौजीच्या हाताले वजन नाही समजत का रे? पहिल्याच दिवशी समजलं. पन त्या राती ती पोरीले कुशीत घेऊन गाढ झोपली होती. मंग मी कायले बोलू? आता नागपूरचा फोन आला तवापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. म्हनून आनलं तिले, तुह्या तोंडून ऐकवाले."

तिकडं जीप भरून राह्यली होती आन बुढी वाहिदकडं पाहून हासत होती. आता तूच सांग बे, तू असता तं तिले सांगतलं असतं का?